तेलबदल कालावधी (मोटार इंजिन)

मोटारीच्या इंजिनातील वापरलेले वंगण तेल काढून नवे तेल भरण्याच्या दोन वेळांमधील अंतराला तेलबदल कालावधी म्हणतात. हा कालावधी धावेचे किलोमीटर आणि महिने अशा दोन मर्यादांनी सांगितला जातो. दोहोंपैकी जी मर्यादा आधी पूर्ण होईल, ती लागू होते. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक पेट्रोल कारसाठी ही मर्यादा सुमारे १०,००० किमी किंवा १ वर्ष असते. काही डिझेल कारसाठी ती १५,००० किमीपर्यंत असते. वाहनासोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत बहुधा आणखी एक, याहून कमी मर्यादा दिलेली आढळते. ती धूळ, तीव्र उष्णता, मंद वेग, लहान फेऱ्या किंवा जड ओझे अशा प्रतिकूल वापरासाठी असते.

कोणत्याही वाहनाचा तेलबदल कालावधी ठरविताना ते वाहन या दोन मर्यादांपैकी कोणत्या मर्यादेत मोडते, हा मुख्य प्रश्न असतो. पूर्व विदर्भातील चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत प्रतिकूल वापराची बहुतेक लक्षणे एकत्र आढळतात. त्यामुळे हा प्रश्न समजून घेण्यासाठी हे जिल्हे उपयुक्त उदाहरण ठरतात.

इंजिन तेलाची कार्ये

इंजिन तेल फिरत्या व सरकत्या भागांमध्ये पातळ थर निर्माण करून धातूवर धातू घासण्यास प्रतिबंध करते. याखेरीज पिस्टन व बेअरिंग यांची उष्णता वाहून नेणे, पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत यांमधील फट बुजविणे, काजळी व धातूचे कण तरंगत ठेवून फिल्टरपर्यंत पोहोचविणे, ज्वलनातून तयार होणारी आम्ले निष्प्रभ करणे आणि गंज रोखणे ही कामेही तेलच करते. लहान पेट्रोल कारच्या इंजिनात साधारणपणे ३ ते ४ लिटर, तर मोठ्या डिझेल जीपगाड्यांत ५ ते ६ लिटर किंवा त्याहून अधिक तेल लागते.

बाजारात मिळणारे इंजिन तेल हे मूळ तेल आणि समावेशके यांचे मिश्रण असते. मूळ तेल खनिज, अर्धसंश्लेषित किंवा संश्लेषित प्रकारचे असते. समावेशकांमध्ये मळ सुटा करणारी, काजळीच्या गुठळ्या होऊ न देणारी, ऑक्सिडीकरण रोखणारी, फेस कमी करणारी आणि झीज कमी करणारी रसायने असतात. झीजरोधक समावेशकांत जस्त व फॉस्फरसयुक्त संयुगे दीर्घकाळ वापरात आहेत.

तेल खराब होण्याची कारणे

तेल पुढील प्रक्रियांमुळे निकामी होत जाते.

ऑक्सिडीकरण: उष्ण तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन आम्ले आणि चिकट पदार्थ तयार होतात व तेल घट्ट होत जाते. रासायनिक अभिक्रियांच्या स्थूल नियमानुसार तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढले की हा वेग जवळपास दुप्पट होतो.

समावेशकांचा ऱ्हास: आम्ले निष्प्रभ करणारी अल्कधर्मी रसायने हळूहळू खर्च होतात. ती संपल्यानंतर तेल वरकरणी चांगले दिसले तरी बेअरिंगचे संरक्षण करू शकत नाही.

इंधन व पाणी मिसळणे: थंड इंजिनात इंधनाचे पूर्ण ज्वलन होत नाही आणि ज्वलनातील वाफेचे पाणी होऊन तळातील तेलपात्रात उतरते. लांबच्या प्रवासात तेल पुरेसे तापले की हे पाणी व इंधनाचा बराचसा भाग उडून जातो. वारंवार होणाऱ्या लहान फेऱ्यांत तो तेलातच साठत राहतो.

घन कण: एअर फिल्टरमधून निसटलेली धूळ, काजळी आणि झिजलेल्या धातूचे कण तेलात जमा होतात. धुळीतील क्वार्ट्झची कठीणता मोस मापनश्रेणीवर ७ आहे. तेलाच्या थराच्या जाडीइतके, म्हणजे काही मायक्रॉन आकाराचे कण रिंग आणि बेअरिंग यांची सर्वाधिक झीज करतात.

तेलाचे वर्गीकरण

तेलाचा घट्टपणा अर्थात श्यानता एसएई या अभियंता संघटनेच्या श्रेणींनी दर्शविली जाते. ५डब्ल्यू-३० या श्रेणीतील ‘५डब्ल्यू’ हा भाग थंडीतील प्रवाहीपणा दाखवितो. ‘३०’ हा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानातील श्यानतेचा निदर्शक असतो. ३० श्रेणीच्या तेलाची या तापमानातील शुद्धगतिक श्यानता ९.३ ते १२.५ चौरस मिमी प्रतिसेकंद आणि ४० श्रेणीच्या तेलाची १२.५ ते १६.३ चौरस मिमी प्रतिसेकंद असते.

गुणवत्तेची पातळी एपीआय या अमेरिकी संस्थेच्या अक्षरांनी कळते. ‘एस’ने सुरू होणारे वर्ग पेट्रोल इंजिनांसाठी, तर ‘सी’ने सुरू होणारे वर्ग मुख्यतः डिझेल इंजिनांसाठी असतात. पेट्रोल इंजिनांसाठीचा एसपी हा वर्ग २०२० मध्ये लागू झाला. युरोपातील एसीईए या संस्थेच्या ‘सी’ वर्गातील तेलांत राख निर्माण करणाऱ्या घटकांचे प्रमाण मर्यादित असते.

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही उत्सर्जन मानके लागू झाली. त्यानंतरच्या डिझेल कारमध्ये धुराड्यातील काजळी अडविणारा डीपीएफ हा गाळक बसविलेला असतो. अशा गाड्यांत कमी राख देणारे तेल न वापरल्यास हा गाळक लवकर तुंबतो. म्हणून तेलाची श्रेणी आणि गुणवत्ता वर्ग या दोन्ही बाबी पुस्तिकेशी जुळवून पाहणे आवश्यक असते. चुकीच्या वर्गाचे तेल वारंवार बदलल्याने ही हानी भरून निघत नाही.

इतिहास

मोटारींच्या आरंभीच्या काळात तेलात समावेशके जवळजवळ नसत व तेल गाळण्याची सोयही नसे. त्यामुळे ते हजार-दीड हजार किलोमीटरच्या आतबाहेर बदलावे लागत असे. एसएई संस्थेने तेलाच्या श्यानतेचे पहिले वर्गीकरण १९११ मध्ये केले. १९२०च्या दशकात अमेरिकेत तेलाचा फिल्टर प्रचारात आला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मळ सुटा करणारी समावेशके आणि बहुश्रेणी तेले सर्वत्र वापरली जाऊ लागली व तेलबदल कालावधी वाढत गेला.

अमेरिकेत दीर्घकाळ ३,००० मैलांचा, म्हणजे सुमारे ५,००० किमीचा नियम रूढ होता. भारतातील गॅरेजांमध्येही ५,००० किमी हा आकडा सर्वपरिचित आहे. तो मुख्यतः खनिज तेल आणि कार्ब्युरेटरच्या इंजिनांच्या काळातील आहे. इंधनाच्या अचूक इलेक्ट्रॉनिक फवारणीमुळे तेलात मिसळणारे पेट्रोल घटले. त्याला संश्लेषित तेलांची जोड मिळाल्याने उत्पादकांनी सर्वसाधारण मर्यादा दुप्पट किंवा त्याहून अधिक केली. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून काही मोटारींत तेलाचे उर्वरित आयुष्य दाखविणारी प्रणाली येऊ लागली. इंजिनाचे फेरे, तापमान आणि वापराचा प्रकार यांवरून ती अंदाज बांधते. बहुतेक प्रणाली तेलाचे प्रत्यक्ष परीक्षण करीत नाहीत आणि तेलात गेलेली धूळ त्यांना मोजता येत नाही.

किलोमीटर आणि इंजिनाचे तास

तेलाचा ऱ्हास इंजिन किती वेळ आणि कोणत्या स्थितीत चालले यावर अवलंबून असतो. किलोमीटर हे त्याचे अप्रत्यक्ष माप आहे. महामार्गावर सरासरी ५० किमी प्रतितास वेगाने १०,००० किमी धावलेल्या कारचे इंजिन २०० तास चाललेले असते. तेवढेच अंतर सरासरी २० किमी प्रतितास वेगाने कापणाऱ्या कारचे इंजिन ५०० तास चालते. दोन्ही गाड्यांच्या मापकावर आकडा एकच दिसतो, पण दुसऱ्या गाडीतील तेलाने अडीचपट काळ काम केलेले असते.

पुस्तिकेतील दोन मर्यादा याच हिशेबाने तपासून पाहता येतात. सरासरी ५० किमी वेगाने १०,००० किमी आणि सरासरी २५ किमी वेगाने ५,००० किमी या दोन्हींचे उत्तर २०० तास येते. हा आकडा कोणत्याही उत्पादकाची अधिकृत मर्यादा नसला, तरी वेगवेगळ्या वापराच्या गाड्यांची तुलना करण्यास तो उपयोगी पडतो. उभ्या गाडीत इंजिन चालू राहिल्यास मापक मुळीच पुढे सरकत नाही. म्हणून अमेरिकेत पोलीस आणि मालवाहू ताफ्यांसाठी असा एक तास सुमारे ४० ते ५० किमी धावेइतका धरण्याची पद्धत आहे.

ट्रॅक्टर, डंपर, खोदयंत्रे आणि जनित्रे यांची देखभाल याच कारणाने तासांवर ठरते. चंद्रपूर जिल्ह्यातील वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खुल्या कोळसा खाणींत चालणाऱ्या अवजड यंत्रांना तास मोजणारा मापक असतो. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी या भातपट्ट्यातील शेतकऱ्यांना ट्रॅक्टरचे तेल तासांवर बदलण्याची पद्धत परिचित आहे. कारमध्ये असा मापक सहसा नसतो. मात्र अनेक नव्या कारच्या पडद्यावर सरासरी वेग दिसतो. कापलेल्या अंतराला त्या वेगाने भागल्यास तास मिळतात.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील परिस्थिती

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन करून निर्माण करण्यात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किमी असून बहुतांश भूभाग वनाच्छादित आहे. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा, सिमेंट, कागद व औष्णिक वीज हे उद्योग आहेत आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पही आहे. या दोन जिल्ह्यांत मोटारीचे तेल पुढील परिस्थितींना सामोरे जाते.

उष्णता: चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही उन्हाळ्यात देशातील सर्वाधिक तापमानाची नोंद होणाऱ्या ठिकाणांपैकी आहेत. मे महिन्यात तेथे पारा ४६ ते ४८ अंश सेल्सिअसपर्यंत जातो. शीतक द्रवाचे तापमान थर्मोस्टॅट व पंख्यामुळे मर्यादेत राहत असले, तरी वातानुकूलन चालू असलेली, पूर्ण भरलेली गाडी मंद वेगाने जात असता तेलाचे तापमान वाढते आणि ऑक्सिडीकरणाचा वेगही वाढतो.

धूळ: घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, राजुरा हा कोळसा खाणींचा परिसर आहे, तर गडचांदूर व कोरपना भागात सिमेंट उद्योग आहे. या पट्ट्यातील रस्त्यांवर कोळसा, राख व सिमेंट वाहून नेणाऱ्या ट्रकांची सतत वर्दळ असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ मधील सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली होती. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या मार्गाने होऊ लागल्यापासून त्या मार्गावरील गाड्यांनाही लाल धुळीचा सामना करावा लागतो. अशा भागात तेलाचे आयुष्य पुष्कळ अंशी एअर फिल्टरवर अवलंबून असते. फिल्टर फाटलेला असल्यास किंवा त्याच्या कडेची रबरी पट्टी नीट बसली नसल्यास नवे तेलही अल्पकाळात कणांनी भरते.

मंद वेग आणि वनरस्ते: ताडोबा राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९५५ मध्ये झाली. मोहर्ली, कोलारा आदी प्रवेशद्वारांतून पर्यटकांना जंगलात नेणाऱ्या उघड्या जिप्सी कच्च्या रस्त्यांवरून खालच्या गिअरमध्ये चालतात. एखादी गाडी ४ तासांच्या फेरीत ४० किमी फिरली, तर तिचा सरासरी वेग १० किमी प्रतितास येतो. वाघाची वाट पाहताना इंजिन बंद ठेवलेला वेळ यातून वजा करावा लागतो. तो एक तास धरला, तरी ४० किमीसाठी इंजिन ३ तास चालते. या प्रमाणात २०० तास सुमारे २,७०० किमीतच पूर्ण होतात. वनखात्याच्या गस्तीच्या गाड्या आणि दुर्गम गावांत जाणाऱ्या रुग्णवाहिका यांच्याबाबतही किलोमीटरचा आकडा असाच फसवा ठरू शकतो.

जड ओझे: विदर्भात काळी-पिवळी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवासी जीपगाड्या पूर्ण भरून, थांबत थांबत धावतात. वारंवार थांबणे आणि ओझ्यासह पुन्हा वेग घेणे हा बहुतेक पुस्तिकांमध्ये प्रतिकूल वापर गणला जातो.

पावसाळा: गडचिरोलीत वार्षिक पर्जन्य १,३०० मिमीहून अधिक असतो. पर्लकोटा नदीच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क पावसाळ्यात अनेकदा तुटतो. नाल्यावरून वाहणाऱ्या पाण्यातून गाडी नेल्यास हवेच्या नळीवाटे पाणी इंजिनात शिरण्याचा धोका असतो. तेलात पाणी मिसळल्यास ते दुधाळ कॉफीसारखे दिसते. अशा वेळी इंजिन सुरू करणे धोक्याचे असते. किलोमीटर कितीही झालेले असोत, पाण्याचा मार्ग शोधून ते काढणे आणि तेल व फिल्टर तत्काळ बदलणे आवश्यक ठरते.

अंतर: गडचिरोली शहरापासून भामरागड सुमारे १८० किमी दूर आहे. जिल्ह्याच्या दक्षिण भागात अधिकृत कार्यशाळा विरळ असून जंगलातील अनेक पट्ट्यांत मोबाइलचा संपर्कही मिळत नाही. शहरात इंजिन बंद पडल्यास गैरसोय होते. येथे रुग्णाला रुग्णालयात नेणारी गाडी वाटेत थांबली, तर दुसरे वाहन मिळेपर्यंत काही तास जाऊ शकतात. स्वतःची जीप चालवून पोट भरणाऱ्यासाठी इंजिन उघडावे लागणे म्हणजे दुरुस्तीच्या खर्चासोबत अनेक दिवसांची बुडालेली कमाई. तेल व फिल्टर बदलण्यास काही हजार रुपये लागतात, तर इंजिनाच्या पूर्ण दुरुस्तीला त्याच्या अनेक पट खर्च येतो.

डीपीएफ असलेल्या डिझेल गाड्या

डीपीएफमध्ये साठलेली काजळी ठरावीक काळाने उच्च तापमानाला जाळली जाते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. अनेक इंजिनांत या वेळी सिलिंडरमध्ये जास्तीचे डिझेल फवारले जाते. वनरस्त्यावर किंवा शहरातील लहान फेऱ्यांत ही प्रक्रिया अर्धवट राहिली, तर न जळालेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरते. तेल पातळ होते आणि डिपस्टिकवरील पातळी कमी होण्याऐवजी वाढू लागते. वाढलेली पातळी हे तेल मुबलक असल्याचे लक्षण नसून ते बदलण्याची वेळ आल्याची सूचना असते. चंद्रपूर ते नागपूर या सुमारे १५० किमीच्या मार्गावर नियमित धावणाऱ्या गाडीला हा त्रास सहसा होत नाही. केवळ गावात व जंगलात फिरणाऱ्या त्याच बनावटीच्या गाडीला तो होऊ शकतो.

कालावधी निश्चित करण्याची पद्धत

एखाद्या वाहनाचा योग्य कालावधी ठरविताना साधारणपणे पुढील क्रम अनुसरता येतो.

१. पुस्तिकेतील सर्वसाधारण आणि प्रतिकूल अशा दोन्ही मर्यादा नोंदविणे. सर्वसाधारण मर्यादा ही अनुकूल परिस्थितीतील कमाल मर्यादा समजणे.

२. गेल्या काही महिन्यांतील वापर पाहणे. बराचसा प्रवास कच्च्या किंवा धुळीच्या रस्त्यांवर, मंद वेगाने, ८–१० किमीपेक्षा लहान फेऱ्यांत किंवा पूर्ण ओझ्यासह झाला असल्यास प्रतिकूल मर्यादा लागू करणे.

३. सरासरी वेग २५ किमी प्रतितासाहून कमी असल्यास तासांचा हिशेब करणे आणि कालावधी त्यानुसार आणखी कमी करणे.

४. महिन्यांची मर्यादा पाळणे. वर्षभरात केवळ ३,००० किमी धावलेल्या गाडीतही ओलावा व आम्ले साठतात. पुरामुळे किंवा अन्य कारणाने दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीलाही हे लागू होते.

५. ऋतूंचा विचार करणे. जुलै ते सप्टेंबरदरम्यान तेलबदल येत असेल आणि त्या काळात रस्ता बंद होण्याचा संभव असेल, तर तो जूनपूर्वी उरकणे सोयीचे असते. त्यामुळे उन्हाळ्याच्या उष्णतेत व धुळीत वापरलेले तेलही निघून जाते. ताडोबाचा गाभा क्षेत्रातील पर्यटन हंगाम साधारणपणे जूनअखेर थांबतो. सफारीच्या गाड्यांसाठी एक तेलबदल या विश्रांतीशी जोडता येतो.

६. प्रत्येक तेलबदलासोबत तेलाचा फिल्टर बदलणे आणि एअर फिल्टर तपासणे. तारीख, मापकावरील आकडा, तेलाची श्रेणी व वर्ग यांची नोंद आणि पावती ठेवणे. वॉरंटीच्या काळात ही नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडते.

याच क्रमाने पाहिल्यास एकाच गावातील दोन सारख्या कारचे कालावधी वेगळे निघू शकतात. राष्ट्रीय महामार्गावरून दर आठवड्याला नागपूरला जाणाऱ्या कारला १०,००० किमीची मर्यादा पुरेशी असते. तीच कार खाणीच्या रस्त्याने रोज ६ किमी ये-जा करीत असेल, तर ५,००० किमी किंवा ६ महिने ही मर्यादा अधिक योग्य ठरते.

तेलाची तपासणी

दोन तेलबदलांच्या मध्ये डिपस्टिकने पातळी तपासणे हा देखभालीचा सर्वांत स्वस्त व परिणामकारक भाग आहे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून डिपस्टिक काढावी, पुसून पुन्हा बुडवावी आणि पातळी किमान व कमाल खुणांच्या मध्ये आहे का ते पाहावे, अशी तिची रीत आहे. पातळी किमान खुणेखाली गेल्यास तेलबदलाची वाट न पाहता त्याच श्रेणीचे तेल भरावे लागते. दुधाळ रंग पाण्याचे, इंधनाचा तीव्र वास व वाढलेली पातळी इंधन मिसळल्याचे आणि बोटांना जाणवणारी कचकच धुळीचे लक्षण असते.

टिपकागदावर तेलाचा थेंब टाकून पाहण्याची जुनी पद्धतही प्रचलित आहे. थेंब सारखा पसरल्यास काजळी तरंगत ठेवण्याची तेलाची क्षमता टिकून आहे असे मानतात. मध्यभागी दाट काळा ठिपका आणि भोवती फिकट वर्तुळ उमटल्यास ती क्षमता संपत आली असे समजतात. ही चाचणी स्थूल असते. मोठे वाहनताफे व खाण उद्योग प्रयोगशाळेत तेलाचे विश्लेषण करून घेतात. त्यात श्यानता, उरलेली अल्कधर्मिता, इंधनाचे प्रमाण तसेच लोह, तांबे व सिलिकॉन यांचे प्रमाण मोजले जाते. सिलिकॉन वाढलेले असल्यास हवेच्या मार्गातून धूळ आत येत असल्याचा अंदाज बांधता येतो.

डॅशबोर्डवरील तेलाचा लाल दिवा दाब कमी झाल्याचे दाखवितो. तो तेलबदलाची आठवण करून देणारा दिवा नव्हे. चालत्या गाडीत तो लागल्यास इंजिन लगेच बंद करणे आवश्यक असते.

प्रचलित समज

काळे तेल म्हणजे खराब तेल: डिझेल इंजिनातील तेल काही शे किलोमीटरमध्येच काळे पडते, कारण समावेशके काजळी पकडून ठेवतात. रंगावरून तेलाचे आयुष्य ठरविता येत नाही.

उष्ण प्रदेशात घट्ट तेल घालावे: चंद्रपूरसारख्या ठिकाणी २०डब्ल्यू-५० सारखे घट्ट तेल सरसकट वापरावे, असे काही वेळा सुचविले जाते. जुन्या, झिजलेल्या इंजिनांत त्याचा उपयोग होऊ शकतो. नव्या इंजिनांतील फटी बारीक असून ती ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० यांसारख्या पातळ तेलांसाठी आखलेली असतात. तापमानानुसार चालणाऱ्या श्रेणींचा तक्ता पुस्तिकेत दिलेला असल्यास त्याच मर्यादेत निवड करणे योग्य असते.

संश्लेषित तेल कितीही काळ चालते: संश्लेषित तेल उष्णतेला अधिक टिकते. परंतु धूळ, पाणी आणि इंधन त्यातही तितक्याच प्रमाणात मिसळतात. धुळीच्या प्रदेशात केवळ महाग तेल भरून कालावधी वाढविणे धोक्याचे ठरते.

तेल जितक्या लवकर बदलावे तितके चांगले: अनुकूल परिस्थितीत चालणाऱ्या गाडीचे तेल निम्म्या कालावधीत बदलल्याने इंजिनाचे आयुष्य त्या प्रमाणात वाढत नाही. खर्च आणि विल्हेवाट लावायचे तेल मात्र दुप्पट होते.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

वापरलेल्या इंजिन तेलात जड धातू आणि बहुवलयी सुगंधी हायड्रोकार्बने असतात. त्यांपैकी काही संयुगे कर्करोगकारक आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार एका तेलबदलातून निघालेले तेल १० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी दूषित करू शकते. विहिरी, बोड्या व मामा तलाव यांच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या पूर्व विदर्भात याला विशेष महत्त्व आहे.

ग्रामीण भागात असे तेल लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासणे, बांधकामाच्या सेंट्रिंग पाट्यांना लावणे किंवा उघड्यावर ओतणे असे प्रकार आढळतात. या प्रत्येक मार्गाने ते त्वचेशी, मातीशी आणि अखेर पाण्याशी संपर्कात येते. भारतात घातक व इतर टाकाऊ पदार्थ नियम, २०१६ अन्वये वापरलेले तेल घातक टाकाऊ पदार्थांत मोडते. या नियमांत २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वापरलेल्या तेलाच्या संकलन व पुनर्चक्रणाची विस्तारित जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली असून ती तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली.

काढलेले तेल पाणी, कूलंट किंवा पेट्रोल न मिसळता झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत कार्यशाळेकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे सोपविणे ही योग्य पद्धत मानली जाते. फिल्टर उलटा ठेवून त्यातील तेलही निथळून घेतले जाते. शुद्धीकरण केलेल्या वापरलेल्या तेलापासून पुन्हा वंगणासाठी मूळ तेल मिळविता येते. नव्या तेलाचा रिकामा डबा कापून टाकल्यास त्यात बनावट तेल भरून विकले जाण्यास आळा बसतो.

हेही पहा

वंगण
श्यानता
अंतर्ज्वलन इंजिन
भारत स्टेज उत्सर्जन मानके
ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प
चंद्रपूर जिल्हा
गडचिरोली जिल्हा